प्लायचा टेबल टॉप घरी करताना: खालच्या बाजूपासून सुरुवात

टेबलाचा टॉप म्हटलं की सगळ्यांचं लक्ष सनमायकाच्या रंगावर असतं. पण टॉप बिघडतो तो खालून. वर मायका आणि खाली उघडा प्लाय असला की पावसाळ्यातली दमट हवा फक्त खालची बाजू पिते, ती फुगते आणि फळी बाक धरते. म्हणून दोन्ही बाजूंना मायका लावायचाच. खर्च वाढेल ही भीती नको. पाच फुटी टॉपला ८ बाय ४ ची एकच शीट दोन्ही बाजूंना पुरते.

प्लाय घेताना शिक्का वाचा. आयएस ३०३ (भारतीय मानकाचा क्रमांक) चा एमआर, म्हणजे थोडाफार ओलावा सोसणारा प्लाय कोरड्या खोलीत चालतो. सांगलीत नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहत असाल, तर आयएस ७१० चा मरीन प्लायच घ्या, असा माझा आग्रह आहे. त्याचा नमुना ७२ तास उकळूनही पापुद्रे सुटता कामा नयेत, अशी कसोटी असते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात हे पैसे वाया जात नाहीत. जाडी १९ मिमी. असे दोन तुकडे एकावर एक चिकटवून दीड इंचाचा टॉप करायचा आहे. दुकानात शीटची कड नीट बघा. आतल्या थरांत फटी दिसल्या किंवा टकटक केल्यावर मधेच पोकळ आवाज आला, तर दुसरी शीट काढायला सांगा. संकोच करू नका.

कापणी शक्यतो दुकानदाराच्या ओळखीच्या कारखान्यात मोठ्या मशीनवर करून घ्या. ८ फुटांच्या दिशेने २३ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या, आणि प्रत्येकीतून ५९ इंचांचा तुकडा. वरच्या थराचे रेषे टेबलाच्या लांबीच्या दिशेनेच धावले पाहिजेत, फळीची ताकद त्या दिशेला जास्त असते. उरलेले तीन फुटी तुकडे कप्प्यांना होतात. घरी हातातल्या सर्क्युलर सॉने (गोल पात्याच्या मशीनने) कापणार असाल तर चांगली बाजू खाली ठेवा, रेषेवर मास्किंग टेप लावा आणि सरळ पट्टी शिकंज्याने (क्लॅम्पने) आवळून तिच्या कडेने मशीन चालवा. टवके कमी उडतात. गॉगल आणि मास्क हवेतच.

टॉप चिकटवण्याआधी फ्रेम तयार हवी. दीड इंची चौकोनी पाइपची फ्रेम वेल्डिंगवाल्याकडून २८ इंच उंचीची करून घ्या. दीड इंचाचा टॉप बसला की उंची साडेएकोणतीस होते. पाठीमागे आडवा पाइप घालायला सांगा, नाहीतर पाच फुटांची फळी वर्षभरात मधे झुकू लागते. टॉपचे बोल्ट घालण्यासाठी वरच्या पाइपांच्या आतल्या बाजूला, पाइपच्या माथ्याशी समपातळीत, भोक पाडलेल्या सहा छोट्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घ्या.

आता नाजूक काम. खालचा तुकडा पालथा घालून त्यावर फ्रेम उलटी ठेवा आणि सहा भोकांच्या खुणा करा. तिथे आरपार भोकं पाडून तुकडा सरळ करा आणि ८ मिमीचे टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे, चकती असलेले नट) वरून हातोडीने बसवा. नटाची चकती पृष्ठभागाच्या वर राहता कामा नये, म्हणून भोकाभोवती पटाशीने थोडी खोलगट जागा करा. नटाच्या तोंडावर टेप लावा, आत फेविकॉल गेला की आटे बुजतात.

मग दोन्ही तुकड्यांवर फेविकॉल पातळ, सलग पसरवा, कडेपर्यंत. एकावर एक ठेवून खालून ३० मिमीचे स्क्रू दर आठ-नऊ इंचांवर घाला, आधी बारीक ड्रिल मारून. डोकी आत बुडवून वर लांबी (पुट्टी) भरा. कडांना शिकंजे, मधे विटांचं वजन, आणि एक दिवस हात लावू नका. पावसाळ्यात दोन दिवस. सगळ्यात उत्तम काळ फेब्रुवारी ते मे.

समोरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना अर्धा इंच जाड सागवानी पट्टी लावा. ती किंचित उंच राहू द्या, सुकल्यावर रंध्याने सपाट करा. मागची कड भिंतीकडे असते. तिला पॉलिशचे दोन हात द्या, उघडी सोडू नका.

मायका आधी खाली, मग वर, शक्यतो एकाच दिवशी. मधून कडेकडे दाबत न्या म्हणजे हवा अडकत नाही. वाढीव भाग कानशीने खालच्या दिशेने घासा. उलटी कानस मायका उचकटते. समोरची धार थोडी मारा, मनगटाला टोचत नाही.

शेवटी पालथ्या टॉपवर फ्रेम पुन्हा खुणेवर ठेवून तिच्या भोकांतूनच ड्रिल फक्त मायकापुरतं घाला, टेप खरवडून काढा आणि वॉशर लावून २५ मिमीचे बोल्ट आवळा. याहून लांब बोल्ट नको, तो वरच्या प्लायला रेटतो. टॉप २५ किलोच्या आसपास भरतो. नदीची पातळी वाढल्याची बातमी आली की १३ नंबरच्या पान्याने सहा बोल्ट सोडा. दोघांनी धरला की टॉप जिन्याने वर जातो.