गृहभेटीला जाताना रजिस्टर पिशवीतच राहू द्या

नव्याने रुजू झालेल्या दोन अंगणवाडी सेविकांनी गेल्या महिन्यात मला एकच गोष्ट विचारली, "ताई, पालक येतच नाहीत हो, काय करायचं?" बैठकीच्या गडबडीत धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहितेय.

माझी अंगणवाडी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात आहे. निम्मं गाव दिवाळी झाली की ऊसतोडीला जातं, आणि शेजारीच बंजारा तांडा आहे. मी पहिली पालक सभा सकाळी अकराला ठेवली होती. चटया अंथरल्या, फळ्यावर रंगीत खडूने सुस्वागतम लिहिलं. आल्या तीन आज्या. त्यातली एक 'खाऊ कधी वाटणार' एवढंच विचारायला आलेली. बाकीच्या बाया कापूस वेचायला गेलेल्या. त्यांनी रोज बुडवून माझं भाषण ऐकायला का यावं? आता मी सभा नळावर घेते. पाणी सुटायच्या आधी हंडे रांगेत लागतात, बाया वीस-पंचवीस मिनिटं रिकाम्या असतात. सभेचा फोटो चांगला येत नाही एवढंच.

पण माझी खरी चूक सभेची नव्हती, वजनाची होती.

तीन वर्षांची एक मुलगी होती. काट्याला टांगली, दहा किलो दोनशे भरली. मी रजिस्टरात आकडा लिहिता लिहिता, पाच-सहा बायांसमोर मोठ्याने म्हणाले, "अहो, वजन फार कमी आहे हिचं, घरी काही देता की नाही?" तिची आई काहीच बोलली नाही. पोरीला कडेवर घेतलं, पदर सावरला आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून पोरगी यायची बंद. मला वाटलं, खाऊ आवडत नसेल. आमच्या मदतनीस मावशींनी सांगितलं तेव्हा उजेड पडला: त्या घोळक्यात तिची जाऊ उभी होती. घरी जाऊन तिने सासूच्या कानावर घातलं, आणि 'माझ्या नातीला नजर लावली' असं म्हणत सासूने पोरीला पाठवणंच बंद केलं.

मी तिच्या घरी चार वेळा गेले. पहिल्या दोन वेळा हातात रजिस्टर होतं. सासूने आत बोलावलंच नाही. तिसऱ्या वेळी ते पिशवीतून काढलंच नाही. म्हातारी अंगणात तुरीची डाळ पाखडत होती, तिच्यापाशी बसले आणि खडे वेचू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आजी, तुमची नात लई हुशार. ठोकळे लावताना रंग बरोबर वेगळे करती." सुपाचा आवाज थांबला. "व्हय? आमच्यात कुणी न्हाई म्हणलं." वजनाचा विषय मी त्या दिवशी काढला नाही. चौथ्या वेळी म्हातारीनेच काढला, "बारीक हाय का गं पोरगी?" मग दंडघेराची पट्टी, म्हणजे लेकराचा दंड मोजून कुपोषण ओळखायची पट्टी, दाखवली आणि दोन जेवणांच्या मधे काय देता येईल ते बोललो. शेंगदाणे-गुळाचा लाडू तिनेच सुचवला.

तेव्हापासून माझा नेम आहे: घरात शिरल्यावर आधी लेकराची एक गोष्ट सांगायची, नेमकी, डोळ्याने पाहिलेली. 'छान आहे, हुशार आहे' म्हणून भागत नाही, आईला ते कळतं. मग काय विचारायचं ते विचारा. वजनाचा आकडा फक्त आईच्या कानात. पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल ॲपमध्ये भेटीची नोंद करावी लागते, ती जरूर करा, पण उंबऱ्यावर उभं राहून मोबाईलमध्ये बोटं घालू नका. समोरच्याला वाटतं, आपलं काहीतरी लिहून चाललंय.

तांड्याचं वेगळंच. तिथली लेकरं घरी गोरमाटी बोलतात. एक मुलगा 'बाटी, बाटी' म्हणून रडत होता आणि मी त्याच्यापुढे वाटी ठेवत होते. एक नको म्हणाला तर दुसरी आणली. मावशी हसून लोळायच्या बाकी. बाटी म्हणजे भाकरी! त्याच आठवड्यात तांड्यावरच्या एका आजीकडून चाळीसेक शब्द वहीत लिहून घेतले. आईला 'याडी' म्हणतात हेही मला तेव्हा कळलं. आता ती आजी महिन्यातून दोनदा येऊन गाणी म्हणते. मराठी शिकवायची म्हणून घरची भाषा बंद करायला जाऊ नका, लेकरू दोन्हीकडून मुकं होतं.

प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांची नावं मी परीक्षेपुरती पाठ केली होती. पालघरकडच्या बोर्डीला 1945 साली त्यांनी काम सुरू केलं, आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली. आपल्या पाटीवरचं 'अंगण' तिथून आलंय. मला हे समजायला तुरीचे खडे निवडावे लागले.

ऊसतोडीच्या घरांसाठी तयारी दसऱ्यालाच सुरू करा. कोणाचा मुकादम, म्हणजे टोळी घेऊन जाणारा, कधी गाडी लावणार, हे गावात सगळ्यांना आधी माहीत असतं, फक्त आपल्याला नसतं. निघण्याआधी वजन-उंची घ्या, माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या हातात द्या. पेटीच्या तळाशी नको, वर ठेवायला सांगा. कारखान्याच्या भागातल्या अंगणवाडीतही लेकराला खाऊ आणि लस मिळू शकते, हे सांगा. बऱ्याच जणींना वाटतं, नाव इथं म्हणजे हक्कही इथंच. मागे आजीपाशी राहणाऱ्या लेकरांची यादी वेगळी करा, त्यांच्याकडे आठवड्याला एक तरी चक्कर हवी.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढाल तर लक्षात ठेवा, फोन बहुतेक वेळा बापाच्या खिशात असतो आणि लिहिलेलं सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. मी आवाजातच निरोप पाठवते, एका मिनिटाच्या आत, रात्री आठनंतर, उसाच्या फडावरून कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, परतल्यावर. मागच्या जानेवारीत त्याच वजन कमी भरलेल्या पोरीच्या आईचा उलटा निरोप आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, मधेच पोरगी ओरडतेय, आणि ही विचारतेय, "म्याडम, इथली बाई कार्ड मागतीया, पिवळं का गुलाबी?"