हंपी-बदामी-विजापूरची टूर करताय? मग या चुका टाळा

ग्रुप घेऊन या पट्ट्यात फिरणं हेच माझं काम. माणसं दरवेळी नवी असतात पण चुका त्याच, इतक्या त्याच की बसमध्ये कोण कधी काय बोलणार हे मला आता आधीच कळतं. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. कोणाला टोचलं तर टोचू दे.

सगळ्यात मोठी चूक घरबसल्याच होते. "पाच दिवसांत पंचवीस स्पॉट" अशी जाहिरात दिसली की लोकांना वाटतं पैसे वसूल. एक सांगतो, स्पॉट मोजायला लागलात की टूर संपली. अशा टूरमध्ये हमखास काय होतं तर बदामीहून हंपीला "जाता जाता" ऐहोळे आणि पट्टदकल, प्रत्येकी चाळीस मिनिटं. पट्टदकल बदामीहून साधारण २२ किलोमीटर, ऐहोळे त्याच्या पुढे अजून थोडं, त्यामुळे नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं आणि माणूस फसतो.

ऐहोळ्याचंच घ्या. खालचं दुर्ग मंदिर आणि लाडखान मंदिर बघून लोक बसकडे चालायला लागतात. मी म्हणतो वर मेगुती टेकडीवर जायचंय, की लगेच सुरू, "वर काय आहे? एकच देऊळ ना? आता देवळं बघून बघून कंटाळा आला हो." अहो, त्या एका देवळाच्या भिंतीवर इ.स. ६३४ चा शिलालेख आहे, रविकीर्ती नावाच्या जैन कवीने लिहिलेला, बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची कीर्ती सांगणारा. हर्षवर्धनाचा कसा पराभव केला ते त्यात आहे, आणि पुलकेशी तीन महाराष्ट्रांचा आणि त्यातल्या नव्व्याण्णव हजार गावांचा अधिपती झाला असंही त्यात लिहिलंय. आणि हा रविकीर्ती स्वतःला थेट कालिदास आणि भारवीच्या रांगेत बसवतो, कॉन्फिडन्स बघा! आपल्या महाराष्ट्राचं नाव जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेलं आहे, आणि महाराष्ट्रातनं आलेला माणूस खाली बसून उसाचा रस पितो. मला राग येतो, खरंच येतो. पायऱ्या फार नाहीत, गुडघे दुखत असतील तर गोष्ट वेगळी, पण धडधाकट तिशीतली मंडळी जेव्हा "तुम्ही फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका ना" म्हणतात तेव्हा काय बोलायचं.

पट्टदकलचंही तसंच. नदीकाठी एका आवारात उत्तरेकडच्या पद्धतीची देवळांची शिखरं आणि दक्षिणेकडची विमानं, म्हणजे तिकडच्या पद्धतीची शिखरं, शेजारी शेजारी उभी आहेत, असं बघायला सहज मिळत नाही. तिथलं विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने बांधून घेतलं, नवऱ्याने म्हणजे दुसऱ्या विक्रमादित्याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. वेरूळचं कैलास लेणं पाहिलं असेल तर इथं उभं राहिल्यावर दोन मिनिटांत ओळख पटते. पण त्यासाठी दोन मिनिटं उभं राहावं लागतं ना! माझा नियम सरळ आहे, बदामीला दोन मुक्काम. एक दिवस बदामीच्या लेण्यांचा, संध्याकाळी अगस्त्य तलावाच्या काठी भूतनाथाच्या देवळापाशी ऊन उतरताना बसायचं. दुसरा दिवस ऐहोळे-पट्टदकल, परतताना बनशंकरी. बनशंकरी आपल्याकडच्या कितीतरी घरांची कुलदेवता, त्यामुळे तिथं कोणी घाई करत नाही, हे एक बरंय. देवळाबाहेर बायका टोपल्यांत ज्वारीची भाकरी, भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही घेऊन बसलेल्या असतात. तिथं जेवा. हॉटेलात जाऊन पनीर बटर मसाला मागवू नका, प्लीज.

दुसरी चूक क्रमाची. सोलापूरहून निघालं की विजापूर पहिलं लागतं, शंभरेक किलोमीटर, म्हणून जवळपास सगळे आधी विजापूर करतात. मी उलटं करतो. विजापूर न थांबता ओलांडायचं, आधी बदामी, मग हंपी, आणि येताना विजापूर. प्रवास तेवढाच, पण डोक्यात गोष्ट सरळ बसते. बदामी सहाव्या-सातव्या शतकातली, तिसऱ्या लेण्यात तर ५७८ सालचा लेखच आहे. मग हंपी, १३३६ पासूनचं विजयनगर. गोव्याच्या पोर्तुगीजांकडून घोडे विकत घेणारं, पेस नावाच्या पोर्तुगीज प्रवाशाला रोमएवढं मोठं वाटलेलं शहर. १५६५ च्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी मिळून विजयनगरचा सर्वेसर्वा रामराया याला मारलं आणि पुढं शहर लुटलं गेलं. त्या सुलतानांतलेच एक आदिलशहा, म्हणजे विजापूर. हंपीचे नुसते जोते राहिलेले राजवाडे बघून तुम्ही गोलघुमटासमोर आलात की तो घुमट वेगळाच दिसतो. गोलघुमट पुरा झाला १६५६ ला, आणि तीनच वर्षांत याच दरबारातून अफझलखान निघाला. पुढचं तुम्हाला सांगायला नको. हेच विजापूर पहिल्या दिवशी, रात्रभराच्या प्रवासाने डोळे चुरचुरत असताना बघितलं तर लक्षात काय राहतं, तर गोलघुमटात ओरडलो होतो एवढंच.

ओरडण्यावरून आठवलं. गोलघुमटाच्या सज्जात जाऊन "ए मंग्याsss" असं बोंबलायचं नसतं. आवाज अनेकदा घुमतो हे खरं, पण खरी गंमत हळू आवाजाची आहे. समोरच्या बाजूला साधारण ३८ मीटरवर बसलेल्या माणसाला इकडे कागद फाडलेला ऐकू येतो. हे अनुभवायचं तर सकाळी उघडल्या उघडल्या जा. डिसेंबरात शाळांच्या सहली सुरू असतात, दहानंतर वर नुसता कोलाहल, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. वर जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून सात मजल्यांचा अरुंद जिना आहे, ज्यांना झेपणार नाही त्यांनी खाली बसावं, त्यात लाज कसली.

आणि मुलुख-ए-मैदान तोफ बघायला विसरू नका. ५५ टनांची, १५४९ ला ओतली ती आपल्या अहमदनगरला. बसमधून "ती बघा तोफ" एवढ्यावर उरकण्यासारखी नाही ती.

आता माझा सगळ्यात लाडका विषय, शॉर्टकट.

हंपीत विरूपाक्ष मंदिरापासून विठ्ठल मंदिर नदीकाठाने चालत गेलं तर दोनेक किलोमीटर. बसने मात्र कमलापूरवरून मोठा वळसा पडतो, आठ-दहा किलोमीटर. एका ट्रिपला आमच्यात एक काका होते, स्वभावाने चांगले पण प्रत्येक गोष्टीत "मी बघतो" म्हणणारे. सकाळी विरूपाक्ष, हेमकूट टेकडी, दोन्ही गणपती, उग्र नरसिंह झाला, जेवण लवकर उरकलं आणि विठ्ठल मंदिराला जायला बसमध्ये बसणार तेवढ्यात काका मोबाईल पुढं करून म्हणाले, "हे बघा, दोन किलोमीटर दाखवतंय, तुम्ही उगाच दहा किलोमीटर फिरवताय. आम्ही चालत जातो आणि तुमच्या आधी रांगेत उभे राहतो." मी नको म्हटलं. गाईड तर हात जोडून नको म्हणाला, दुपारचा एक वाजलेला, मार्चचा शेवट, दगड तव्यासारखे तापलेले. काकांनी मेहुण्याला घेतलं, दोन पोरांना घेतलं, पायात रबरी चपला, चौघांत मिळून पाण्याची एक बाटली. निघाले.

विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजाराच्या टोकाला मोठा अखंड दगडाचा नंदी आहे. तिथपर्यंत पोचायच्या आधीच डावीकडे नदीकाठाला उतरणारी वाट लागते, ती त्यांची नजरेतूनच सुटली. नंदीच्या बाजूने दगडी पायऱ्या वर चढतात, त्या अच्युतरायाच्या देवळाकडे आणि मातंग टेकडीकडे जातात. काका पायऱ्या दिसल्या म्हणून चढले. मॅपवरचा निळा ठिपका खडकांत इकडून तिकडे उड्या मारत होता म्हणे, आणि मग फोनच बंद पडला, कारण सकाळपासून व्हिडिओ काढून बॅटरी संपवलेली. मेहुण्याच्या फोनला रेंज नाही. इकडे आम्ही विठ्ठल मंदिराच्या पार्किंगला थांबलेलो, बाकीचे वीस लोक उन्हात, कोणी म्हणतंय आत जाऊया, कोणी म्हणतंय त्यांना सोडून कसं जायचं. काकू रडवेल्या झालेल्या. शेवटी मी गाईडला रिक्षाने उलटं पाठवलं, तोवर फोन आलाच. नंदीपाशी शहाळी विकणाऱ्या बाईने या चौघांना सावलीत बसवलं होतं, पाणी दिलं होतं आणि पोराच्या गळ्यातल्या कार्डावरचा नंबर बघून मला फोन लावला होता. चौघांना आणून पार्किंगपासून देवळापर्यंत नेणाऱ्या बॅटरी गाडीच्या रांगेत उभं केलं तर पुढची रांग ही एवढी, आमचा नंबर लागेपर्यंत आत सोडणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. त्या ग्रुपने विठ्ठल मंदिरातला दगडी रथ पन्नासच्या नोटेवर बघितला. आणि फीडबॅक फॉर्ममध्ये काकांनी काय लिहिलं असेल? "वेळेचं नियोजन सुधारायला वाव आहे."

गंमत अशी की ती नदीकाठची वाट हंपीतली सगळ्यात सुंदर वाट आहे. चूक वाटेची नाहीच, वेळेची आणि चपलेची आहे. मी आता ग्रुपला सकाळी नाश्ता करून त्याच वाटेने चालवत नेतो, बूट घालून, माणशी एक बाटली, पुढे गाईड आणि शेवटी मी. तुंगभद्रा डाव्या हाताला, मध्येच कोदंडरामाचं देऊळ, पुढं राजाची तुळा, म्हणजे राजाला तोलायची दगडी चौकट. बस आधीच पलीकडे जाऊन थांबलेली असते. देऊळ उघडायच्या सुमाराला आपण तिथं, गर्दी यायच्या आत रथासमोर. मग जेवण, आणि दुपारचं रणरणतं ऊन कमलापूरच्या म्युझियममध्ये काढायचं, डोक्यावर छप्पर आणि समोर सगळ्या हंपीचं मोठं मॉडेल. ऊन कललं की कमलमहाल आणि हत्तीशाळा. विठ्ठल मंदिर, कमलमहाल ज्यात आहे तो जनाना, म्हणजे राणीवशाचं आवार, आणि म्युझियम याला त्या दिवसापुरतं एकच तिकीट चालतं, ते फेकू नका, दरवेळी कोणीतरी फेकतंच. आणि शुक्रवारी म्युझियम बंद असतं, बदामी-ऐहोळ्याचीही तशीच, तेव्हा तारखा ठरवताना वार बघा.

ते कार्ड मात्र मी सगळ्यांच्या गळ्यात घालतोच, माझा नंबर, ड्रायव्हरचा नंबर, हॉटेलचं नाव, सगळं कन्नडमध्येपण. "आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का" असं कोणी म्हटलं की मी फक्त हसतो.

गाईडशी घासाघीस करून त्याला अर्ध्या दिवसात उरकायला लावू नका. तो मग तुम्हाला उरकूनच देतो. पूर्ण दिवसाचा घ्या, अधिकृत ओळखपत्र असलेला घ्या, आणि तो बोलत असताना युट्यूब लावून "यात तर वेगळं सांगतायत" असं करू नका. शंका असेल तर एकच प्रश्न विचारा, हे कोरीव लेखात आहे की सांगोवांगी? चांगला गाईड सरळ सांगतो. पंढरपूरचा विठोबा कृष्णदेवरायाने विजयनगरला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास तो परत घेऊन आले, ही आपल्याकडची कथा विठ्ठल मंदिरात सांगितली की मराठी ग्रुपचे डोळे भरून येतात. भरू देत की, पण ती परंपरेतली कथा आहे हेही माहीत असू दे.

विठ्ठल मंदिरातल्या संगीताच्या, म्हणजे वाजवले की सूर निघणाऱ्या, खांबांवर टकटक करायची नाही. गार्डचं लक्ष नसतानाही नाही. "एकदाच वाजवतो" म्हणणारे रोज किती येत असतील याचा विचार करा.

बदामीला हातात प्लास्टिकची पिशवी नको, माकडांना आत काय आहे ते तुमच्या आधी कळतं. गॉगल डोक्यावर अडकवून फिरू नका.

हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात चपला काढाव्या लागतात, जाड मोजे जवळ ठेवा. आत मागच्या बाजूला भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते ती बघितल्याशिवाय येऊ नका, बरेच जण हत्तीण बघून परत फिरतात.

एप्रिल-मे मध्ये "सुट्ट्या आहेत" म्हणून येऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हिरवंगार असतं हे मान्य, पण होसपेटच्या धरणातून पाणी सोडलं की टोपल्यांच्या नावा बंद होतात, नदीकाठचा पुरंदरदास मंडप पाण्याखाली जातो, मग नदीपलीकडच्या आणेगुंदीला जायला पुलावरून लांबचा फेरा. तेव्हा "ब्रोशरमध्ये नावेची फेरी लिहिलीये" म्हणून माझ्याशी भांडू नका, धरण माझं नाही.

आणि रात्री हॉटेलवर पोचल्यावर पहिलं काम फोन चार्जिंगला लावायचं, जेवण नंतर. पॉवर बँक बसमध्ये ठेवून उतरणाऱ्यांनी ती विकत तरी का घेतली हे मला कोणीतरी समजावून सांगा.