टर्मिनलमध्ये रंग येत नाहीत? या चुका टाळा

‘भाऊ, एलएसला रंगच येत नही’ असा मेसेज आला (एलएस म्हणजे टर्मिनलच्या, कमांड टाइप करायच्या खिडकीत फाइलींची यादी दाखवणारी कमांड), की मी आधी एकच विचारतो: बॅशआरसी फाइलीत, म्हणजे कमांड चालवणारी बॅश ही शेल सुरू होताना जी सेटिंगची फाइल वाचते तिच्यात, काय काय चिकटवलंय? उत्तर ठरलेलं. कुठल्यातरी व्हिडिओतून उचललेल्या दहा-पंधरा ओळी, त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या विरोधात. जळगाव-भुसावळकडची आपली पोरं डोक्याने कमी नाहीत, पण दम धरवत नाही. उबुंटू लिनक्सच्या बॅशआरसीत एलएस आणि मजकूर शोधणाऱ्या ग्रेपचे रंग आधीच चालू करून दिलेले असतात, हे बघायलाही ती फाइल वरून खाली एकदा वाचावी लागते. तेवढंच कोणी करत नाही.

रंग म्हणजे काय ते आधी कळू द्या. प्रोग्रॅम मजकुराच्या मधे काही अक्षरं घुसवतो: एस्केप, उघडा चौकोनी कंस, एक आकडा आणि शेवटी एम. ३१ म्हणजे लाल, ३२ हिरवा, ० म्हणजे सगळं पूर्ववत. टर्मिनल ती अक्षरं छापत नाही, हुकूम म्हणून पाळतं. ही बोली १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलने रूढ केली; गंमत म्हणजे त्या टर्मिनलला स्वतःला रंग नव्हते. आता मुद्दा असा, की ती अक्षरं पाठवण्याआधी शहाणा प्रोग्रॅम बघतो की समोर टर्मिनल आहे, की पाइप (एका कमांडचा मजकूर दुसरीला देणारी जोडणी) किंवा फाइल. टर्मिनल असेल तर रंग, नाहीतर साधा मजकूर. ‘--कलर=ऑटो’चा अर्थ एवढाच.

आणि इथेच माझी सगळ्यात नावडती चूक येते: ऑटोच्या जागी ‘ऑल्वेज’, म्हणजे समोर काहीही असो, रंग पाठवच. पाइपमधून लेसला, म्हणजे मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलं की रंग जातात, म्हणून कोणीतरी सांगतं, ऑल्वेज टाक. वांगी भाजायला वेळ नाही म्हणून कुकरात उकडून केलेलं भरीत, तसला हा प्रकार.

रावेर तालुक्यात केळी भरून पाठवणाऱ्या एका ऑफिसात हे घडलेलं मी पाहिलंय. तारीख, गाव, गाडी, वजन, भाव असे रकाने, नोंदी इंग्रजी अक्षरांत, स्वल्पविरामाने तोडलेल्या. तिथल्या पोराने ग्रेपचा एलियस (कमांडचं टोपणनाव, तिला ठरलेले पर्याय आपोआप लावणारं) ऑल्वेज करून ठेवला होता. सावद्याच्या नोंदी ग्रेपने काढून त्याने वेगळ्या फाइलीत ठेवल्या आणि रकान्यांवर हिशेब करणाऱ्या ऑकला सांगितलं, दुसऱ्या रकान्यात सावदा असेल तर वजनाची बेरीज कर. बेरीज कोरी. एरर नाही, काही नाही, नुसती रिकामी ओळ. बाहेर गाडी भरून उभी, ड्रायव्हर पावतीसाठी दारात. पोराने आधी विंडोज ओळीच्या शेवटी जे जादा अक्षर घालतं त्यावर संशय घेतला, मग ऑक काढून पुन्हा टाकलं, मग मला फोन. ‘काय व्हयनं’ विचारलं तर म्हणे, फाइल तर बरोबर दिसतेय, सावदा लाल रंगात चमकतोय.

लाल रंगात! अरे, फाइल जशीच्या तशी दाखवणारा कॅट कधी रंग देतो का? कॅटने दाखवलेल्या साध्या फाइलीत रंग दिसला, म्हणजे रंगाची कोडं, तीच एस्केपपासूनची अक्षरं, फाइलीतच बसली आहेत. न दिसणारी अक्षरंही दाखवणारं ‘कॅट -व्ही’ करायला लावलं, तर प्रत्येक सावद्याच्या आधी टोपीचं चिन्ह, दोन चौकोनी कंस, ०१;३१ आणि एम, शिवाय मागेपुढे आणखी कचरा. ऑकच्या दृष्टीने तो रकाना ‘सावदा’ नव्हताच. त्याने तरी कोरी ओळ दिली म्हणून लक्षात आलं. ग्रेपने वजनाचाच आकडा शोधला असता, तर तो रंगवलेला आकडा ऑकने मुकाट्याने शून्य धरला असता आणि कमी वजनाची पावती तशीच गेली असती.

अशा फाइलीतून, मजकूर बदलणाऱ्या सेडने कोडं उपसता येतात. मी उपसत नाही. एलियस ऑटो करतो, यादी मूळ फाइलीवरून पुन्हा काढतो. आणि लेसमध्ये रंग हवेच असतील तर त्या एका कमांडपुरतं ऑल्वेज हाताने लिहायचं आणि लेसला कॅपिटल आर द्यायचा. एलियसमध्ये ऑल्वेज नको म्हणजे नको.

दुसरी चूक ‘टर्म’ची, म्हणजे टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या व्हेरिएबलची. रंग कमी दिसले की बॅशआरसीत टर्मची किंमत एक्सटर्म-२५६कलर अशी ठोकून देतात. टर्म सांगायचा अधिकार टर्मिनलचा, तुमचा नाही. टीमक्सच्या (एका टर्मिनलात अनेक टर्मिनलं चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत ती किंमत स्क्रीन किंवा टीमक्सने सुरू होणारी असायला हवी. तुम्ही खोटं सांगितलं की कुठे पडदा अर्धाच पुसला जातो, कुठे कीबोर्डच्या कळा भलतंच करतात. आधी टर्म छापून बघा, मग त्या टर्मला किती रंग ते सांगणारं ‘टीपुट कलर्स’ चालवा. २५६ आलं तर दोष दुसरीकडे शोधा. उणे एक आलं तर टर्म व्हीटी-१०० किंवा डम्ब असं बिनरंगी काहीतरी झालंय. ते कोणी केलं ते शोधा. बहुतेकदा जुनी चिकटवलेली ओळच सापडते.

प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायच्या आधी दिसणारा मजकूर, रंगवल्यावर लांब कमांड पुढच्या ओळीवर न जाता त्याच ओळीवर चढते? मग बॅशचा प्रॉम्प्ट ठरवणाऱ्या पीएस-वनमध्ये रंगाची कोडं उलटी तिरपी रेघ आणि चौकोनी कंस यांच्या जोडीत गुंडाळलेली नाहीत. बॅश त्या न दिसणाऱ्या अक्षरांचीही रुंदी मोजतो.

स्क्रिप्टमध्ये ‘इको -ई’ने रंग देऊ नका. उबुंटूत स्क्रिप्ट चालवणारी एसएच म्हणजे बॅश नव्हे, डॅश ही वेगळी शेल. तो ‘-ई’सुद्धा छापून मोकळा होतो. प्रिंटएफ वापरा, आणि शेवटी शून्याचं कोड द्या, नाहीतर पुढचा सगळा पडदा लाल.

मॅकवरचं एलएस बीएसडी या वेगळ्या युनिक्स घराण्यातलं. तिथे रंगासाठी कॅपिटल जी, आणि रंगांचं व्हेरिएबल एलएसकलर्स हे मधल्या अंडरस्कोरशिवाय. लिनक्सची ओळ तिथे चिकटवून ‘मॅक खराब आहे’ म्हणू नका.

सुडो (रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने कमांड चालवणारी कमांड) लावल्यावर एलएसचे रंग जातात, कारण सुडोपुढच्या शब्दाला एलियस लागत नाही. सुडोचाच एलियस करून, त्याच्या शेवटी एक मोकळी जागा सोडून हे जमतं. मी करत नाही. रूटचं काम बेरंगच बरं.

काळ्या पडद्यावर गडद निळ्या डिरेक्टऱ्या वाचता येत नाहीत, ही तक्रार मात्र रास्त आहे. लिनक्सच्या एलएस_कलर्स व्हेरिएबलमध्ये डीआय (डिरेक्टरी) पुढचं ०१;३४ काढून ०१;३६ करा, आकाशी होतं. आणि बदल केल्यावर फाइल सोर्स करा, म्हणजे बॅशला ती पुन्हा वाचायला लावा, किंवा नवं टर्मिनल उघडा, मग फोन करा.