शहरातील कृष्णवर्णीय नेतृत्व कसे घडवावे : नॅशव्हिल आणि मेम्फिस यांचा अनुभव

वांशिक आणि आर्थिक न्यायासाठी शहरात कृष्णवर्णीय नेतृत्व उभे करायचे असेल, तर फर्डे वक्ते शोधण्याआधी, ज्यांना रोज अन्याय सोसावा लागतो त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात कृष्णवर्णीय धर्मगुरू जेम्स लॉसन यांनी तेच केले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात काम करून आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करून ते १९५६ मध्ये मायदेशी परतले होते. नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी त्यांना सांगितले की, शहराच्या मध्यभागातील मोठ्या दुकानांत आमचे पैसे चालतात, पण मुलांना घेऊन दोन घास खायला तेथल्या खाण्याच्या काउंटरवर आम्हाला बसू देत नाहीत. आंदोलनाचे लक्ष्य या तक्रारीतून ठरले. मागणी लोकांच्या अनुभवातून आली की तिच्यासाठी पुढे येणारी माणसेही त्यांच्यातूनच निघतात.

लक्ष्य ठरले की प्रशिक्षण सुरू करावे आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. लॉसन यांनी १९५९ च्या शरद ऋतूपासून एका चर्चमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. तेथे काही जण हल्लेखोर होऊन शिव्या देत आणि ढकलत, तर बाकीचे हात न उगारता जागेवर बसून राहण्याचा सराव करीत. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये दोन दुकानांत जाऊन त्यांनी चाचणी घेतली आणि १३ फेब्रुवारी १९६० रोजी मोठे धरणे सुरू केले. डायेन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट आणि मॅरियन बॅरी हे सारे विद्यार्थी नेते याच तालमीत तयार झाले. नेतृत्व हा उपजत गुण आहे असे मानणाऱ्यांनी हा सराव अवश्य अभ्यासावा.

अध्यक्षपद एकाच व्यक्तीकडे ठेवू नये. नॅशव्हिलच्या विद्यार्थी समितीत ते फिरते होते, आणि माझ्या मते सर्वांत आधी उचलावी अशी हीच पद्धत आहे, कारण तिच्यामुळे एकाच वेळी अनेकांना निर्णयाची सवय लागते आणि एखाद्याला अटक झाली तरी काम अडत नाही. २७ फेब्रुवारीला सुमारे ८० विद्यार्थी पकडले गेले, पण एक तुकडी पोलीस नेत असतानाच दुसरी येऊन त्या जागांवर बसत होती.

आर्थिक दबावाशिवाय नैतिक आवाहन अपुरे पडते. त्या वसंत ऋतूत कृष्णवर्णीय ग्राहकांनी शहराच्या मध्यभागातील दुकानांवर बहिष्कार टाकला. १९ एप्रिलला चळवळीचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला, तेव्हा हजारो लोक मूकपणे न्यायालयाच्या इमारतीपर्यंत चालत गेले. तेथे डायेन नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना थेट प्रश्न विचारला आणि हा भेदभाव चुकीचा असल्याचे त्यांच्याकडून सर्वांदेखत वदवून घेतले. १० मे रोजी दुकानांतले ते खाण्याचे काउंटर कृष्णवर्णीयांसाठी खुले झाले. असा नेमका प्रश्न विचारण्याची तयारीही प्रशिक्षणात करून घ्यावी.

कामगारांच्या लढ्यात नेतृत्व कामगारांकडेच राहिले पाहिजे. टेनेसीतल्याच मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचरागाडीच्या यंत्रात चिरडून मरण पावले आणि १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगारांनी संप पुकारला. त्यांची संघटना टी. ओ. जोन्स या माजी सफाई कामगाराने वर्षानुवर्षे खपून बांधली होती. लॉसन आणि इतर धर्मगुरूंनी पाठिंब्याची समिती स्थापली, निधी आणि गर्दी जमवली, मार्टिन ल्यूथर किंग यांना बोलावले, पण पगार आणि मान्यतेच्या मागण्या संघटनेच्याच राहिल्या. बाहेरून येणाऱ्या शिकलेल्या कार्यकर्त्याने ही मर्यादा कटाक्षाने पाळावी.

वाटाघाटींत पगारवाढीइतकाच आग्रह संघटनेच्या मान्यतेचा आणि वर्गणी पगारातून कापली जाण्याचा धरावा. महापौर हेन्री लोब यांचा याच दोन गोष्टींना कडवा विरोध होता, कारण नियमित वर्गणी मिळणारी संघटना संप मिटल्यावरही टिकते आणि पुढची फळी तयार करू शकते. ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली. त्यानंतर १६ एप्रिलला झालेल्या समझोत्यात कामगारांनी मान्यता, पगारवाढ आणि वर्गणीकपातीची सोय, या तिन्ही गोष्टी मिळवल्या.