सुई बदलली म्हणून सिरिंज नवी होत नाही: बोटॉक्स-फिलर हाताळताना या चुका टाळा

बोटॉक्स, म्हणजे सुरकुत्या सैल करणारं इंजेक्शन, हे पुण्या-मुंबईचं काम, असा समज होता. आता बेळगावात ते सर्रास होतं. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, खानापूरच्या छोट्या दवाखान्यांतही महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी बाहेरून डॉक्टर येतात, आणि लगीनसराईच्या तोंडावर तर नंबर लावावा लागतो. सुई कुठे आणि किती खोल टोचायची, हे डॉक्टर शिकून आलेले असतात. पण एक पेशंट उठून दुसरी खुर्चीत बसेपर्यंत बाटली, सिरिंज आणि फ्रिज ही सगळी सिस्टरच्या हातात असतात. तिला हे कुणी शांतपणे बसून सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख तिच्यासाठी, आणि तिच्यावर विसंबणाऱ्या डॉक्टरांसाठी.

जवळपास सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे: औषध महाग असतं, उरतं, आणि टाकवत नाही. हिशेबच बघा. बोटॉक्सची नेहमीची बाटली १०० युनिटची. दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी लागतात २० युनिट. म्हणजे एकाच बाईसाठी बाटली फोडली तर ८० युनिट शिल्लक. कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असतं की बाटली एकाच पेशंटसाठी, आणि आतली पावडर सलाइन घालून पातळ केल्यावर २ ते ८ अंशांत ठेवून २४ तासांच्या आत वापरायची. समोर मात्र ८० युनिट दिसत असतात आणि पुढची पेशंट येणार असते रविवारी. इथून पुढे जे घडतं ते निष्काळजीपणातून कमी आणि काटकसरीतून जास्त घडतं. उरलेल्याचं काय करायचं हे बाटली उघडण्याआधी ठरलं पाहिजे; उघडल्यावर मन टाकायला तयार होत नाही.

फिलरची अर्धी सिरिंज

सगळ्यात धोकादायक चूक हीच, म्हणून तिच्यावर जास्त बोलतो. फिलर म्हणजे ओठ-गाल भरायचं जेल, सिरिंजमध्ये भरूनच येतं. १ मिलीच्या सिरिंजमधलं अर्धं एका पेशंटला दिलं, सुई बदलली, उरलेलं दुसरीला दिलं. देणाऱ्याला मनापासून वाटतं की नवी सुई लावली, आता काय हरकत आहे? हरकत आहे ती रक्ताची. सुई रक्तवाहिनीत तर नाही ना, हे बघायला डॉक्टर दट्ट्या मागे ओढतात तेव्हा थोडं रक्त आत येऊ शकतं. दाब सुटल्यावरही येतं. ते इतकं कमी असतं की जेलमध्ये डोळ्याला दिसत नाही. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान ७ दिवस जिवंत राहतो आणि लागण करू शकतो. सुई फेकली तरी सिरिंजच्या आत गेलेलं रक्त तिथेच असतं.

याची किंमत आपल्या देशानं मोजली आहे. २००९ मध्ये गुजरातेत, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बी ची साथ आली, माणसं दगावली, आणि तपास सिरिंज-सुयांच्या पुनर्वापरापाशी जाऊन थांबला. चेहऱ्याच्या सौंदर्योपचारांतून एचआयव्ही पसरल्याचंही नोंदलेलं उदाहरण आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका स्पामध्ये गिऱ्हाइकाच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी (प्लेटलेट जास्त असलेला रक्तद्रव) त्याच्या चेहऱ्याला देत असत. तो २०१८ मध्ये बंद झाला आणि २०२४ मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेनं त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. तपासणीला गेलेल्यांना काय सापडलं? ओट्यावर नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या. फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी रक्त, बोटॉक्स आणि भुलीचं लिडोकेन. ड्रॉवरमध्ये वेष्टन काढलेल्या सिरिंजा. यातली एकही गोष्ट आपल्याकडे अशक्य वाटत नाही, म्हणून तो अहवाल मला अस्वस्थ करतो.

‘मग नाव लिहून त्याच पेशंटसाठी ठेवली तर?’ हा प्रश्न नेहमी येतो. कंपन्या नाहीच म्हणतात, कारण वेष्टन उघडल्यावर निर्जंतुकपणाची हमी संपते. दुसरं कारण आपल्या गावांचं आहे. एकाच फ्रिजमध्ये ‘एस. पाटील’ नावाच्या दोन सिरिंजा असणं ही बेळगाव-निपाणीत नवलाची गोष्ट नाही. एक चूक, आणि शांता पाटलांचं फिलर सुजाता पाटलांच्या ओठांत. पेशंटला आधीच सांगा: सिरिंज पूर्ण तुमची, उरलं तर तुमच्यासमोर टाकू. पीआरपी करत असाल तर रक्त काढण्याआधी नळीवर पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा केस नंबर लिहा, आणि शक्यतो एका वेळी एकाच पेशंटचं रक्त यंत्रात फिरवा.

बोटॉक्सची बाटली

एका बाटलीतून अनेकांना देणारे अनुभवी डॉक्टर आहेत. तज्ज्ञांमध्येही काटेकोर निर्जंतुक पद्धत पाळून ते करता येतं असं मत आहे. पत्रक काय सांगतं ते वर आलंच. माझं म्हणणं असं: डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर तसं करणार असतील, तर त्यांनी पेशंट एकाच दिवशी बोलवावेत आणि संध्याकाळी बाटली रिकामी असो वा भरलेली, ती टाकावी. महिन्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात हे सहज जमतं. पुढच्या खेपेसाठी बाटली राखून ठेवायची पद्धत मात्र बंद झाली पाहिजे.

बाटलीत शिरणारी प्रत्येक सुई नवी आणि प्रत्येक सिरिंज नवी, मग औषध त्याच पेशंटला वाढवून द्यायचं असलं तरी. बाटलीच्या रबरात एक सुई खोचून ठेवायची आणि दिवसभर तिलाच सिरिंजा जोडत राहायचं, ही पद्धत मुळीच नको. ती सुई म्हणजे हवेतल्या जंतूंना उघडं दार. शेवटचा थेंब मिळावा म्हणून पत्र्याचं झाकण उपटून रबर काढणंही तसंच. रबर प्रत्येक वेळी स्पिरिटनं पुसा आणि वाळू द्या. ओलं स्पिरिट आत गेलं तर औषधही बिघडू शकतं.

सकाळी दहा सिरिंजा भरून ट्रेमध्ये रांगेनं ठेवल्या की काम झटपट होतं खरं, पण दुपारपर्यंत कोणती कशाची हे कुणालाच सांगता येत नाही. पेशंट आत आली की भरा. तेही पेशंटच्या ट्रॉलीवर नको. स्वच्छ, वेगळ्या टेबलावर भरा, आणि बाटली पेशंटच्या खुर्चीजवळ नेऊच नका.

सलाइनची मोठी बाटली दिवसभर सगळ्या कामांना वापरू नका. बोटॉक्ससाठी छोटी, नवी, न उघडलेली सलाइनची कुपी घ्या. भरताना बाटलीतली निर्वात पोकळी सलाइन आपोआप आत ओढून घेते. ओढलं नाही, तर सील आधीच गेलेलं आहे. ती बाटली वापरायची नाही, बॅच नंबरासह पुरवठादाराला कळवायची. खळाखळा हलवू नका, हलकेच गोल फिरवा.

आता लेबल. सीमाभागातल्या दवाखान्यात एक सिस्टर मराठीत लिहिते, दुसरी कन्नडमध्ये, आणि रविवारी येणाऱ्या डॉक्टरांना कदाचित दोन्ही वाचता येत नाही. म्हणून लेबलचा साचा आधीच छापून घ्या: औषधाचं नाव, तारीख, उघडल्याची वेळ, टाकण्याची वेळ, सही, आणि सगळे आकडे इंग्रजी. त्यावर एक ओळ कधीच चुकवू नका: ०.१ मिलीमध्ये किती युनिट. १०० युनिटमध्ये २.५ मिली सलाइन घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट असतात. १ मिली घातलं तर १०. फ्रिजमध्ये दोन्ही प्रकारच्या बाटल्या असतील आणि लेबल नसेल, तर कुणाला तरी अडीचपट डोस जाईल. वेगवेगळ्या ब्रँडची युनिटंही एकमेकांत बदलत नाहीत. एकाचे २० म्हणजे दुसऱ्याचे २० असं गृहीत धरू नका.

फ्रिज आणि लाईट

जेवणाचा डबा, दूध, गजरा आणि बोटॉक्स एकाच फ्रिजमध्ये नकोत. औषधाचा फ्रिज वेगळा, छोटा चालेल. बाटली दारात ठेवू नका, तिथं तापमान सतत वर-खाली होतं. मागच्या थंड पत्र्याला चिकटवूनही नको, ती गोठेल. मधल्या कप्प्यात, आणि सोबत कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर. सकाळी आणि बंद करताना आकडा वहीत लिहा. फ्रिजच्या प्लगवर ‘काढू नये’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये चिकटवा. झाडू मारताना अक्कांनी तोच प्लग काढलेला असतो, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

जून-जुलैत खानापूरकडे झाडं पडतात आणि लाईट तासन्तास जाते. तेव्हा दार उघडून ‘बघू’ नका. लाईट आल्यावर कमाल आकडा वाचा. ८ च्या वर गेला असेल तर बाटल्या वेगळ्या डब्यात, ‘वापरू नये’ लिहून, फ्रिजमध्येच ठेवा. किती तास आणि किती अंश हे कंपनीच्या प्रतिनिधीला सांगून लेखी उत्तर घ्या. पातळ केलेली बाटली असेल तर विचारत बसू नका, टाका.

फिलरचा नियम वेगळा. बहुतेक फिलर, म्हणजे हायलुरोनिक अ‍ॅसिडचे जेल, २५ अंशांपर्यंत ठेवायचे असतात, गोठवायचे नसतात. एप्रिल-मे मध्ये अथणी-रायबागकडे, किंवा बेळगावातही पत्र्याखालच्या बंद खोलीत, दुपारी तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. कपाटातही थर्मामीटर हवा. कोल्हापूर किंवा हुबळीहून मागवलेलं बोटॉक्स बसच्या पार्सलमधून, बर्फाशिवाय, उन्हात आलं तर ते स्वीकारू नका. बर्फाचं पॅक असेल तर मध्ये पुठ्ठा किंवा कापड हवं. बिल आणि बॅच नंबराशिवाय, व्हॉट्सअपवर स्वस्तात मिळालेला माल कितीही ओळखीच्यानं दिला तरी परत करा.

अडचण आली तर

पेशंट म्हणते, ‘काही फरकच पडला नाही.’ आधी १४ दिवस झालेत का ते बघा. त्याआधी निकाल लागत नाही. झाले असतील तर वही काढा: त्या बॅचचं तापमान, बाटली कधी उघडली, किती सलाइन घातलं. त्याच बाटलीच्या इतर पेशंटनाही फरक पडला नसेल तर साठवणुकीत दोष आहे. वही नसेल तर हे कधीच कळणार नाही.

लेबल नसलेली सिरिंज सापडली तर ‘बहुतेक सकाळचीच आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. टाका.

औषध सांडलं तर हातमोजे घालून हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) भिजवलेल्या कापडानं पुसा. सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम छोट्या दवाखान्यालाही लागू आहेत. सुईला टोपण परत लावू नका, तेव्हा टोचण्याचा धोका मोठा असतो.

आणि टोचलीच तर: पिळू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्यात साबणानं धुवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध जितकं लवकर, शक्यतो २ तासांत, सुरू होईल तितकं चांगलं. ७२ तासांनंतर उपयोग नाही. म्हणून जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात ते मिळतं, तिथला नंबर आणि रात्री कुणाला भेटायचं, हे आजच फोन करून विचारा आणि फ्रिजच्या दारावर लावा. प्रत्येक सिस्टरची हिपॅटायटिस बी ची तीन डोसची लस, ०, १ आणि ६ महिन्यांची, दवाखान्याच्या खर्चानं पूर्ण करून घ्या. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली का तेही बघा.