बेंटनविलला येताय? बाटली कुठे उभी, कुठे आडवी ते आधी बघा

मी वर्ध्याचा. दारूबंदीच्या जिल्ह्यात वाढलो आणि 2011 साली नोकरीसाठी अमेरिकेत आलो तो थेट दारूबंदीच्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात! बेंटनविल जिच्यात येतं ती आर्कान्सा राज्यातली बेंटन काउंटी 1940च्या दशकापासून 'ड्राय', म्हणजे दारूबंदीची होती. बिअर आणायची तर लोक शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत जायचे, नाहीतर मिझूरीची हद्द ओलांडायचे.

आपल्याकडे गावातल्या बायका 'उभी बाटली, आडवी बाटली' असं मतदान घेऊन दुकान बंद करतात. इथे अख्खी काउंटी मत देते. फक्त मतदान घ्यायचं म्हटलं तरी काउंटीतल्या 38 टक्के नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात, म्हणून वर्षानुवर्षं काही बदलत नाही. बेंटन काउंटीत मात्र त्या सह्या जमल्या. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांच्या नातवांनी मोहिमेला पैसा दिला, आणि काउंटीचा पैसा काउंटीतच राहावा हाच प्रचाराचा मुद्दा होता. नोव्हेंबर 2012मध्ये बाटली उभी राहिली. मला अर्थातच मत नव्हतं, पण शेजाऱ्यांच्या अंगणातल्या पाट्या मी रोज वाचायचो.

आज बेंटनविलमध्ये किराणा दुकानात बिअर मिळते, आणि ऑक्टोबर 2017पासून वाइनही. व्हिस्की, रम मात्र लिकर स्टोअरमध्येच. नाताळच्या दिवशी राज्यभर विक्री बंद. रविवारचं ज्या-त्या गावाच्या मतदानावर ठरतं, तेव्हा पाहुणे बोलावण्याआधी चौकशी करा. वय 21 पूर्ण हवं, आणि इथलं ड्रायव्हिंग लायसन्स हाती येईपर्यंत पासपोर्ट जवळ ठेवा. भारतातलं लायसन्स बहुतेक दुकानदार मानत नाहीत.

बिल बघून दचकू नका. बेंटनविलचा विक्रीकर राज्य, काउंटी आणि शहर मिळून साडेनऊ टक्के. लिकर स्टोअरमधल्या व्हिस्की-रमवर आणखी 3 टक्के. म्हणजे 20 डॉलरची बाटली साडेबावीसला पडते. हॉटेलात बसून कॉकटेल घेतलंत, तर विक्रीकराशिवाय 10 आणि 4 असा वेगळा 14 टक्के कर लागतो. बिअर-वाइनला तो नाही.

कोणी आर्कान्सातल्याच कॉनवे किंवा जोन्सबरो शहरात शिकायला जात असेल, तर ती शहरं ज्या काउंट्यांत येतात त्या अजून ड्राय आहेत. तिथे लिकर स्टोअर सापडणार नाही. काही रेस्टॉरंट 'प्रायव्हेट क्लब'च्या परवान्यावर दारू देतात. त्यांनी सभासद म्हणून नाव लिहायला सांगितलं तर बिचकू नका, ते कायदेशीर आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उघडी बाटली गाडीत बसल्या जागी हाताला येईल अशी ठेवू नका आणि पिऊन स्टिअरिंगला हात लावू नका. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.08 टक्के आहे, पण व्हिसावर असलेल्यांनी तिचा हिशेब करत बसूच नये. नुसती अटक झाली, गुन्हा सिद्ध व्हायचा असला, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. मग आईवडिलांना भेटायला भारतात गेलात की नवा व्हिसा, वैद्यकीय तपासणी आणि किती आठवडे लागतील याची टांगणी. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे असेच तीन महिने गेले, बायको आणि तान्हं बाळ इकडे. कॅब बोलवा. रात्री उशिरा कॅब मिळाली नाही, तर आमच्याकडेच राहा, गादी घालून देतो.