पदकांच्या पानानंतर: ब्रिटिश जिम्नॅस्टिक्समध्ये खेळाडू-कल्याणाच्या कामाला सुरुवात करताना

राष्ट्रीय क्रीडा संघटनेचा वार्षिक अहवाल हातात पडला की बहुतेकांची नजर आधी पदकांवर जाते, आणि ‘ब्रिटिश जिम्नॅस्टिक्स’च्या बाबतीत 2023 या वर्षापुरते तरी ते पान खरोखरच देखणे होते. एप्रिलमध्ये अंताल्याच्या युरोपियन स्पर्धेत महिला संघाला सुवर्णपदक मिळाले, जेसिका गादिरोवाने वैयक्तिक ऑल-अराउंड (सर्व साधनांवरच्या एकत्रित गुणांचे) विजेतेपद मिळवले, ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला जेक जार्मन व्हॉल्टचा जगज्जेता झाला आणि नोव्हेंबरमध्ये बर्मिंगहॅमला ब्रायनी पेजने ट्रॅम्पोलिनचे जागतिक सुवर्ण जिंकले. तरीही या क्षेत्रात शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्यांना माझे सांगणे असे की, संघटनेची प्रगती मोजायची असेल तर पदकांचे पान उलटून पुढे जावे. त्या वर्षी घडलेली खरी महत्त्वाची गोष्ट एखाद्या साध्या क्लबच्या कपडे बदलण्याच्या खोलीत, वजनकाट्याच्या रिकाम्या झालेल्या जागेत दिसत होती.

मी भारतातून क्रीडा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी इंग्लंडला आलो, शिकत असतानाच एका जिम्नॅस्टिक्स क्लबमध्ये विनावेतन ‘वेल्फेअर ऑफिसर’चे, म्हणजे खेळाडूंच्या संरक्षण-कल्याणावर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे, काम पाहू लागलो आणि पुढे हेच माझ्या पोटापाण्याचे क्षेत्र झाले. समाजकार्य, क्रीडा मानसशास्त्र, कायदा किंवा शारीरिक शिक्षण अशा कोणत्याही शाखेतून इकडे वळू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांचे प्रश्न साधारण सारखे असतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी पार्श्वभूमी, कारण ती ठाऊक नसेल तर इथले नियम इतके कडक का आहेत ते कळत नाही. 2020 च्या उन्हाळ्यात अनेक आजी-माजी जिम्नॅस्ट जाहीरपणे बोलू लागल्या. बेकी आणि एली डाउनी या ऑलिंपियन बहिणींनी आपल्या खेळात अपमानास्पद व क्रूर वागणूक किती अंगवळणी पडली होती ते सांगितले. एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेने ब्रिटिश ॲथलीट्स कमिशन या खेळाडूंच्या संघटनेच्या साथीने खास जिम्नॅस्टसाठी हेल्पलाइन सुरू केली. सरकारी निधी वाटणाऱ्या यूके स्पोर्ट आणि स्पोर्ट इंग्लंड या दोन संस्थांनी ॲन व्हाइट या ज्येष्ठ वकील बाईंकडे स्वतंत्र चौकशी सोपवली आणि त्यांचा अहवाल जून 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. चौकशीचा कालखंड ऑगस्ट 2008 ते ऑगस्ट 2020 असा होता. चारशेहून अधिक निवेदने आली, त्यांतील निम्म्याहून अधिक निवेदनांत मानसिक छळाचा आणि चाळीस टक्क्यांहून अधिक निवेदनांत शारीरिक गैरवर्तनाचा उल्लेख होता.

हा अहवाल मुळातून वाचावा. सारांशावर भागवू नये. त्यात ज्या गोष्टी आहेत त्या वर्तमानपत्री मथळ्यांत मावत नाहीत: पाणी प्यायला किंवा शौचाला जाऊ न देणे, दुखापत असताना सराव करायला लावणे, खाऊ लपवला आहे का हे पाहण्यासाठी मुलींच्या पिशव्या तपासणे, एखादी उडी मारायची भीती वाटते म्हणून मुलीला बराच वेळ बीमवर (तोल सांभाळण्याच्या अरुंद तुळईवर) उभे ठेवणे, लवचिकता वाढवण्याच्या नावाखाली रडणाऱ्या मुलीला खाली दाबणे. यातल्या बऱ्याच गोष्टी दाराआड झालेल्या नव्हत्या. त्या भरल्या हॉलमध्ये, इतर प्रशिक्षकांच्या आणि पुष्कळदा पालकांच्या देखत घडत होत्या, आणि ‘या खेळात असेच असते’ म्हणून सगळे कानाडोळा करत होते. नव्याने येणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यायला हवे ते हेच. आपण लपलेला गुन्हेगार शोधायला जात नाही. समोर उघड चाललेल्या आणि सवयीने दिसेनाशा झालेल्या गोष्टी पाहायला जातो.

जिम्नॅस्टिक्समध्येच हे एवढे का रुजले, याला खेळाच्या रचनेत काही कारणे आहेत. संघटनेच्या सदस्यांत बारा वर्षांच्या आतल्या मुलांचा, त्यातही मुलींचा, भरणा फार मोठा असतो. ज्या वयात कठीण कौशल्ये शिकवली जातात त्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा अजून मऊ असते, आणि हातांवर शरीराचा भार पुन्हा पुन्हा पडल्याने मनगटाजवळच्या याच भागाला इजा होणे हे या खेळातले ओळखीचे दुखणे आहे. आहार सरावाच्या मानाने कमी पडला तर पाळी उशिरा येणे किंवा थांबणे, हाडे ठिसूळ होणे, वरचेवर आजारी पडणे अशी साखळी सुरू होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव देऊन तिची दखल घेतली. या कामाला डॉक्टर असण्याची गरज नाही, पण एवढे शरीरशास्त्र माहीत नसेल तर ‘जरा मनगट दुखतंय’ या वाक्याचे वजन आपल्याला कळणार नाही.

अहवालात एकूण सतरा शिफारशी होत्या आणि त्यांचे चार विषय होते: खेळाडूंचे संरक्षण व कल्याण, तक्रारींची हाताळणी, प्रशिक्षणाचा दर्जा व शिक्षण, आणि कारभारावरची देखरेख. ब्रिटिश जिम्नॅस्टिक्सच्या, सारा पॉवेल यांच्या नेतृत्वाखालील नव्या व्यवस्थापनाने माफी मागितली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये ‘रिफॉर्म 25’ हा चाळीस कृतींचा आराखडा जाहीर केला. कागदावरचे आराखडे मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला फारसा भाबडेपणा उरलेला नाही. परंतु 2023 मध्ये आलेला वजनासंबंधीचा नियम मात्र खरोखर जमिनीवर उतरला. प्रशिक्षकाने खेळाडूचे वजन करायचेच नाही. दहा वर्षांच्या किंवा त्याहून लहान मुलांचे वजन कोणत्याही परिस्थितीत करायचे नाही. त्याहून मोठ्यांचे करायचे असल्यास ते पात्र तज्ज्ञाने, शास्त्रीय कारण असेल तरच आणि संमती घेऊन करायचे. या नियमाचे बळ असे की त्याच्या अर्थावर वाद घालता येत नाही. ‘सन्मानाने वागा’ या सूचनेचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. काटा खोलीत आहे की नाही, हे मात्र सात वर्षांची मुलगीही सांगू शकते.

नियम आल्यानंतर जे झाले तेही सांगण्यासारखे आहे. काटा गेला, पण ‘आज जड वाटतेयस’ हे वाक्य लगेच गेले नाही. काही मुली घरच्या काट्यावर रोज उभ्या राहून आकडा वहीत लिहीत होत्या, कारण ती सवय आता त्यांची स्वतःची झाली होती. म्हणून धोरण अमलात आल्याची खूण कागदावर करताना, त्या धोरणाला ज्या वागण्याला आळा घालायचा होता ते वागणे आता कोणत्या वाटेने चालू आहे, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता आकड्यांविषयी. एखाद्या वर्षी तक्रारींची संख्या वाढलेली दिसली की बाहेरचा माणूस म्हणतो, परिस्थिती बिघडली. ज्या खेळात वर्षानुवर्षे कोणी तोंड उघडत नव्हते तिथे तक्रारी वाढणे ही पुष्कळदा विश्वास वाढल्याची पहिली खूण असते. मी संख्येपेक्षा इतर गोष्टी पाहतो: तक्रार आल्यापासून निर्णयापर्यंत किती काळ गेला, तक्रार करणाऱ्या मुलीला मधल्या काळात कोणी काही कळवले का, ती मुलगी खेळात टिकली की निघून गेली, आणि निलंबित प्रशिक्षकांची नावे जाहीर होतात की नाही. मुलाखतीत तुमच्यापुढे असा तक्ता ठेवला जाण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा चढती रेघ पाहून लगेच चिंता किंवा समाधान व्यक्त करू नये. ती रेघ कशामुळे चढली असावी हे आधी विचारावे.

प्रवेशाची वाट म्हणाल तर सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत चांगली वाट क्लबमधून जाते. राष्ट्रीय संघटनेशी संलग्न क्लबला वेल्फेअर ऑफिसर नेमावा लागतो, आणि हे पद बहुधा कुणालाच नको असते. पुष्कळदा ते एखाद्या पालकाच्या गळ्यात पडते. ते मागून घ्यावे. मात्र क्लबचा मालक तुमचा नातेवाईक असेल किंवा तुमचे स्वतःचे मूल त्याच प्रशिक्षकाकडे शिकत असेल, तर दुसरा क्लब शोधावा. तक्रारीच्या वेळी तुमच्या निःपक्षपातीपणावर पहिला प्रश्न तिथूनच येईल. कामाआधी बालसंरक्षणाचे मूलभूत प्रशिक्षण आणि त्यानंतर वेल्फेअर ऑफिसरसाठी असलेले ‘टाइम टू लिसन’ हे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. शिवाय इंग्लंड व वेल्समध्ये डीबीएस ही पार्श्वभूमीची तपासणी होते आणि स्वयंसेवकांसाठी तिचे सरकारी शुल्क नसते. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या पद्धती वेगळ्या आहेत. ही तपासणी ब्रिटनमधल्या नोंदींपुरतीच चालते, म्हणून अलीकडेच आलेल्या माणसाकडे मायदेशातला दाखलाही मागितला जातो. भारतातून निघण्यापूर्वीच पासपोर्ट कार्यालयामार्फत पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवावे. इकडे आल्यावर तेच काढताना फार धावपळ होते.

विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी एक बाब विशेष लक्षात ठेवावी. या व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करण्यास मनाई आहे आणि त्या व्याख्येत प्रशिक्षकही येतात. त्यामुळे ‘थोडे कोचिंगही कर, तासाचे पैसे देतो’ हा प्रस्ताव कितीही आपुलकीने आला तरी तो तिथेच थांबवावा. विनावेतन कामातही ‘स्वयंसेवा’ आणि ‘बिनपगारी नोकरी’ असा भेद इथले नियम करतात. आपले काम कशात मोडते हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाकडून लेखी विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग म्हणजे नोंदी, आणि नोंद लिहिणे हे वाटते तितके सोपे नाही. समजा, एक नऊ वर्षांची मुलगी हातांना लावायच्या खडूच्या डब्याजवळ उभी राहून डाव्या हाताने उजवे मनगट धरते आहे. तुम्ही विचारल्यावर ती म्हणते, ‘सांगितलं तर मला खालच्या गटात टाकतील.’ अशा वेळी ‘मुलगी घाबरलेली होती, प्रशिक्षक कठोर आहे’ असे लिहिणे निरुपयोगी असते, कारण तो तुमचा निष्कर्ष झाला. तारीख, वेळ, ती कोणत्या साधनावरून उतरली होती, कोणते मनगट धरले होते, तिथे आणखी कोण होते, आणि तिचे वाक्य जसेच्या तसे, एवढेच लिहावे. ‘सरांनी तुला दुखत असताना करायला लावलं का?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नये. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असे वचन तर कधीच देऊ नये, कारण ते पाळता येत नाही आणि मोडले की त्या मुलीचा मोठ्यांवरचा उरलासुरला विश्वासही जातो. असे एकटे वाक्य कदाचित कुठेच पोहोचणार नाही. पण तीन महिन्यांनी दुसऱ्या मुलीची तशीच नोंद आली, म्हणजे त्या दोन कागदांतून एक चित्र उभे राहते, आणि पूर्वी हेच होत नव्हते. प्रत्येक तक्रार सुटी पाहिली जाई आणि किरकोळ ठरवून बाजूला पडे.

मुलाला इजा पोहोचवल्याचा आरोप एखाद्या मोठ्या माणसावर असेल, तर चौकशी करणे हे तुमचे काम नव्हे. तातडीचा धोका असल्यास पोलिसांना कळवायचे. अन्यथा राष्ट्रीय संघटनेच्या संरक्षण विभागाला आणि इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाच्या ‘लॅडो’ म्हणजे लोकल ऑथॉरिटी डेझिग्नेटेड ऑफिसरला एका कामकाजाच्या दिवसात माहिती द्यायची. सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूंबाबत 2022 चा बदलही ठाऊक असावा: इंग्लंड व वेल्समध्ये क्रीडा प्रशिक्षक हा आता कायद्याच्या दृष्टीने ‘विश्वासाच्या पदावरचा’ माणूस आहे आणि आपल्या हाताखालच्या या वयाच्या खेळाडूशी त्याने ठेवलेला लैंगिक संबंध, तिची संमती असली तरी, गुन्हा ठरतो.

प्रशिक्षकांशी तुमचे नाते कसे असावे, यावर मी अजूनही विचार करतो. चांगल्या प्रशिक्षकांची संख्या मोठी आहे आणि 2022 नंतर त्यांच्यातले काही जण मुलांना हात लावायलाच कचरू लागले. या खेळात ते धोक्याचे आहे, कारण बॅक फ्लिप शिकवताना कमरेला योग्य जागी आधार दिला नाही तर मूल मानेवर पडू शकते. कल्याण अधिकाऱ्याने नुसते ‘काळजी घ्या’ म्हणून हात झटकू नयेत. आधार कुठे आणि का देणार हे मुलाला व पालकांना आधी सांगावे, सराव सर्वांना दिसेल अशा जागी व्हावा, मूल ‘नको’ म्हणाले तर थांबावे, हे प्रशिक्षकासोबत बसून ठरवून द्यावे. जो अधिकारी फक्त तक्रार आली की हॉलमध्ये दिसतो, त्याला पाहून सगळे सावध होतात आणि त्याला काहीच दिसत नाही. म्हणून मी कारण नसतानाही, वेगवेगळ्या गटांच्या वेळी, बाकावर जाऊन बसत असे.

पालकांचा विषय मी आटोपशीर ठेवतो. आपल्याकडून आलेल्या कुटुंबांत ‘सर रागावतात ते भल्यासाठीच’ ही समजूत घट्ट असते; तिच्याशी वाद घालण्यापेक्षा ‘हेच वाक्य शाळेतल्या बाईंनी तुमच्या मुलीला म्हटलेले चालेल का?’ असे विचारले की बोलणे पुढे सरकते.

पगारी नोकऱ्या राष्ट्रीय संघटनांच्या संरक्षण विभागांत, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडच्या स्वतंत्र जिम्नॅस्टिक्स संघटनांत, इतर खेळांच्या संघटनांत आणि मोठ्या क्रीडा संकुलांत निघतात. जाहिरातीत ‘केस मॅनेजर’, ‘सेफगार्डिंग ऑफिसर’, ‘वेल्फेअर लीड’ अशी नावे असतात. समाजकार्य, पोलीस किंवा कायद्याचा अनुभव असलेल्यांना तक्रार हाताळणीच्या जागांसाठी प्राधान्य मिळते. खेळाच्या शाखेतून आलेल्यांना शिक्षण व धोरणाच्या जागा जास्त सोयीच्या पडतात. स्वतः जिम्नॅस्ट असण्याची अट कुठेच पाहिली नाही, आणि बाहेरून आलेल्या माणसाला जे खटकते ते आत वाढलेल्याला पुष्कळदा खटकत नाही, त्यामुळे ती उणीवही मानू नये. अर्जात क्लबमधील कामाचे उदाहरण द्यावे, पण त्यात कोणत्याही मुलाचे नाव, वय किंवा क्लब ओळखू येईल असा तपशील येऊ देऊ नये. मुलाखत घेणारे तुमच्या अनुभवाइतकेच तुम्ही तो किती जपून सांगता तेही पाहत असतात, आणि त्याच टप्प्यावर चांगले उमेदवार गळताना मी पाहिले आहेत.